एक शब्द, अर्थ अनेक

इंग्रजी शब्द पाठ करताना आपण बहुधा एकच अर्थ लक्षात ठेवतो. ‘रन’ म्हणजे धावणे. पण इंग्रजीत मुलगा धावतो, यंत्र चालते, नळ वाहतो, माणूस दुकान चालवतो. या सर्वांसाठी ‘रन’ हेच क्रियापद येते. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या संपादकांनी २०११ मध्ये या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ असल्याचे सांगितले.

‘फास्ट’ हा शब्दही असाच आहे. ‘फास्ट’ गाडी म्हणजे जलद गाडी. कापडाचा रंग ‘फास्ट’ असेल, तर तो पक्का असतो. आणि रमजानचा रोजा, तोही ‘फास्ट’च! साखरेच्या तपासणीच्या कागदावर ‘फास्टिंग’ लिहिलेले असते, तेव्हा उपाशीपोटी जायचे असते. हा अर्थ न कळून कोणी नाश्ता करून गेले, तर तपासणी वाया जाते.

मग नेमका अर्थ कसा ओळखावा? शेजारचे शब्द पाहावेत. मराठीत भूक लागते, ठेच लागते आणि वेळही लागतो. तेथे आपण गोंधळतो का? नाही, कारण आपण पूर्ण वाक्य ऐकतो. म्हणून मुलांनो, नवा शब्द नेहमी वाक्यासह वहीत लिहा.