मराठीचा हात धरून जर्मन लिहिताना



मागे एकदा गटाची बैठक संपल्यावर आमच्या एक ताई मागे थांबल्या. त्यांची मुलगी नर्सिंग शिकलेली. जर्मनीत नोकरी करायची म्हणून ती जर्मन भाषेच्या क्लासला जाते. ताई म्हणाल्या, "मॅडम, पोरीनं वही मिटून ठेवलीय. म्हणते, मी मराठी शाळेतली, मला इंग्रजीच धड येत नाही, तर जर्मन काय लिहिणार?" क्लासची फी भरायला ताईंनी गटातून कर्ज घेतलं होतं. हप्ते सुरू होते आणि वही बंद होती.

2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. तेव्हापासून आपल्याकडे जर्मनचं नाव जास्त ऐकू येतं. म्हणून आज या अडचणीबद्दल बोलू या.

आधी परीक्षा समजून घेऊ. जर्मनच्या सहा पायऱ्या असतात : ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. नर्स म्हणून तिथे मान्यता मिळवायला साधारणपणे बी-टू लागते. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं, असे चार भाग असतात. बी-वनच्या लेखी भागात 60 मिनिटांत तीन छोटे मजकूर लिहायचे असतात : मैत्रिणीला पत्र, एखाद्या विषयावर आपलं मत आणि एक औपचारिक निरोप. म्हणजे पाठांतरावर भागत नाही, स्वतःच्या मनातलं लिहावं लागतं. आमची मुलगी नेमकी तिथेच अडली होती. ती आधी मराठीत विचार करायची, त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी करायची आणि मग जर्मन. एका नदीसाठी दोन पूल!

मला जर्मन येत नाही. पण तिची पुस्तकं घेऊन दोन-तीन रविवार मी तिच्याजवळ बसले. तेव्हा कळलं, की मधला इंग्रजीचा पूल बऱ्याच ठिकाणी लागतच नाही.

आकडे बघा. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. जर्मनमध्येही 'फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश', म्हणजे 'पाच आणि वीस'. इंग्रजीत मात्र वीस आधी येतात.

जोडशब्द बघा. रुग्ण अधिक आलय, रुग्णालय. जर्मनमध्ये 'क्रांकेन' म्हणजे आजारी माणसं, 'हाउस' म्हणजे घर. झालं 'क्रांकेनहाउस', म्हणजे दवाखाना. लांबलचक शब्द दिसला की घाबरायचं नाही, समासासारखा फोडायचा.

मान देणं बघा. आपण लहानाला 'तू' म्हणतो, मोठ्यांना 'तुम्ही' किंवा 'आपण'. तिथेही घरच्यांना 'डू' आणि अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला 'झी'. पेशंटशी कसं बोलायचं, हे मराठी मुलीला वेगळं शिकवावं लागत नाही.

वाक्यरचनेतही ओळख सापडते. 'वाइल इश म्यूडे बिन' म्हणजे 'कारण मी दमलेली आहे'. शब्दाला शब्द जुळतो, क्रियापद शेवटी. पण साध्या वाक्यात ते दुसऱ्या जागी येतं. 'आज मी चहा पिते' हे जर्मनमध्ये 'आज पिते मी चहा' असं होतं. ही एक सवय मात्र नवीन लावून घ्यावी लागते.

आता खरी चकवणारी गोष्ट. आपल्यासारखी तिथेही तीन लिंगं आहेत. तो, ती, ते, तसं डेअर, डी, दास. पण ती आपल्याशी जुळतीलच असं नाही. आपला सूर्य 'तो', त्यांचा सूर्य 'ती'. आपला काटा 'तो', त्यांचा 'ती'. आपली सुरी 'ती', त्यांची 'ते'. चमचा मात्र दोन्हीकडे 'तो'! म्हणून शब्द एकटा पाठ करायचा नाही, त्याच्या डेअर, डी, दाससकट करायचा. या मुलीने तीन रंगांची पेनं घेतली आणि वहीत तिन्ही लिंगं वेगळी दिसायला लागली.

लिहिताना आणखी दोन गोष्टी सांभाळायच्या. प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत लिहायचं. आणि काही स्वरांवर दोन टिंबं असतात, ती विसरायची नाहीत. 'शोन' म्हणजे 'आधीच', पण त्यातल्या 'ओ'वर टिंबं दिली की शब्द होतो 'श्योन', म्हणजे 'सुंदर'. आपल्या 'दिन' आणि 'दीन'मध्ये जसा फरक, तसाच हा.

मग आम्ही एक नेम ठरवला. रोज पाच वाक्यं, तीही स्वतःच्या दिवसाची. आज किती वाजता उठले, कुणाला सलाईन लावलं, आईने काय रांधलं. आधी स्वतः लिहायचं, फोनवरचं भाषांतर नंतर बघायचं. आधीच बघितलं तर वाक्य फोनचं होतं, आपलं राहत नाही. क्लासच्या सरांना वही दाखवताना आठवड्याला एकाच प्रकारच्या चुका तपासून मागायच्या. या आठवड्यात लिंग, पुढच्या आठवड्यात क्रियापद. सगळं पान एकदम लाल झालं की हातच आखडतो.

आणि आई? ताई चौथी शिकलेल्या. त्यांना जर्मन येत नाही, पण वहीतला मराठी शब्द वाचता येतो. रात्री भांडी झाली की त्या वही घेऊन बसतात. त्या म्हणतात "चमचा", पोरगी म्हणते "डेअर ल्योफेल". अडखळली की त्या शब्दापुढे ताई फुली मारतात आणि दुसऱ्या दिवशी तोच शब्द पुन्हा विचारतात. हप्त्यासारखी वसुली!

परीक्षा अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल, ते आज सांगता येत नाही. पण वही उघडी आहे आणि रोज भरते आहे. तुमच्या घरातली लेक, सून किंवा तुम्ही स्वतः कुठलीही नवी भाषा शिकत असाल, तर "मला इंग्रजी येत नाही" म्हणून थांबू नका. आपली मराठी काही कमी भांडवल नाही. त्यावरच सुरुवात करा. आज रात्री पाच वाक्यं लिहा, चुकली तरी चालतील.