रंगगोळ्यांचा सामना आणि आयोजनाची कसोटी

स्पर्धेचे आयोजन कसे झाले, हे मंडप आणि करंडक पाहून ठरवण्याची आपल्याला सवय आहे. पेंटबॉल या खेळास ती मोजपट्टी लागू पडत नाही. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर गावाजवळच्या रानात १२ जणांनी हा खेळ प्रथम खेळला. झाडांवर व गुरांवर खूण करण्याची रंगाची पिस्तुले त्यांच्या हाती होती. ठिकठिकाणची निशाणे गोळा करून जो विजयी झाला, त्याने एकही गोळी झाडली नव्हती!

रंगगोळी अंगावर बसली तर वळ उठतो. उघड्या डोळ्यावर बसली तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून पाहावे ते असे : प्रत्येक बंदुकीचा वेग यंत्राने मोजतात काय? सेकंदाला ३०० फुटांची मर्यादा ओलांडणारी बंदूक बाजूला ठेवतात काय? मैदानात मुखवटा न काढण्याचा व बाहेर नळीवर आवरण घालण्याचा नियम नामांकित खेळाडूलाही आहे काय? प्रेक्षकांपुढे जाळी आहे काय? लागलेला रंग गुपचूप पुसणाऱ्यास हेरतील इतके पंच आहेत काय?

शालेय क्रीडामहोत्सवांत मी अनेक वर्षे उभा राहिलो आहे. पाहुण्यांच्या भिडेने पंचाचा निर्णय फिरला, की मुले त्या दिवशी लबाडी शिकून घरी जातात.

आता हा खेळ आपल्याकडील शहरांतही आला आहे. मुलांना पाठवताना पालकांनी करंडकाची चौकशी मागाहून करावी. आधी मुखवट्याची काच हाती घेऊन पाहावी.