अंगठ्याचं बेअरिंग

सांधेबदल म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो गुडघा. ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन रणावत यांनी बदलले आणि ही शस्त्रक्रिया घराघरांत माहीत झाली. पण अंगठ्याचासुद्धा सांधा बदलता येतो, हे किती जणांना ठाऊक आहे? मला तरी आईचा अंगठा दुखायला लागेपर्यंत ठाऊक नव्हतं.

आमचं गाव लासुर्णे, बारामती-इंदापूर रस्त्यावरचं. ऊस आणि दूध ही तिथली दोन मुख्य पिकं म्हणा ना! आई रोज दोन वेळा धारा काढते, वर खुरपणी, धुणं आहेच. आधी कुलपाची किल्ली फिरवताना कळ यायची, मग बरणीचं झाकण उघडेना. बारामतीच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, "अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय."

हा सांधा मोठा गमतीचा. मनगटाजवळ ट्रॅपेझियम नावाचं लहानसं हाड असतं. (हो, भूमितीत भेटलेलं तेच नाव!) त्यावर अंगठ्याचं तळहातातलं हाड बसतं. दोघांचे पृष्ठभाग खोगिरासारखे, एकमेकांत अडकवलेले. त्यामुळे अंगठा मागेपुढे होतो, आत-बाहेर होतो आणि थोडा वळून प्रत्येक बोटाला टेकतोही. आपल्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ युनिव्हर्सल जॉइंट.

आता भाराचा हिशोब बघा. कूनी आणि चाओ या अमेरिकन संशोधकांनी १९७७ साली तो मांडला. अंगठ्याच्या टोकाशी एक किलोचा चिमटा धरला, तर बुडाच्या सांध्यावर सुमारे बारा किलोचा दाब येतो. घट्ट मूठ आवळली तर तो १२० किलोपर्यंत जाऊ शकतो. कारण साधी तरफ! भार टोकाला, म्हणजे सांध्यापासून लांब. पण ओढणारे स्नायुबंध सांध्याला अगदी चिकटून. त्यांना कितीतरी पट जोर लावावा लागतो आणि तो सगळा सांधा सोसतो. कूर्चा झिजली की हाडावर हाड घासतं. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. झिजलेली कूर्चा परत येत नाही.

सुरुवातीला पट्टा, व्यायाम, गोळ्या, कधी इंजेक्शन. त्यानं भागलं नाही तर शस्त्रक्रिया. तिचे मुख्य मार्ग दोन.

पहिला म्हणजे ट्रॅपेझियम हाडच काढून टाकायचं. इंग्लंडच्या गर्व्हिस यांनी १९४९ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. पुष्कळ सर्जन मोकळ्या जागेत मनगटाच्याच एका स्नायुबंधाची वळकटी करून बसवतात. वेदना जाते, पण अंगठा किंचित आखूड होतो आणि पकड परत यायला बरेच महिने लागतात.

दुसरा मार्ग म्हणजे कृत्रिम सांधा. फ्रान्सच्या द ला काफिनिएर यांनी १९७० च्या दशकात तो आणला. अंगठ्याच्या हाडात धातूचा दांडा, ट्रॅपेझियममध्ये वाटी. थोडक्यात खोगीर काढून बॉल-सॉकेट बसवायचा. अडचण जागेची. वाटीचा व्यास जेमतेम नऊ-दहा मिलिमीटर, भोवती हाडाची भिंत पातळ. जुन्या सांध्यांत वाटी सैल व्हायची, नाहीतर गोळा निसटायचा. हल्ली खुब्याच्या सांध्यातली युक्ती इथं वापरतात. छोटा गोळा प्लॅस्टिकच्या मोठ्या गोळ्यात फिरतो आणि तो मोठा गोळा वाटीत फिरतो. त्यामुळे निसटणं कमी झालं. अंगठ्याची लांबी राहते, हात लवकर कामाला लागतो. युरोपातल्या काही अहवालांत दहा वर्षांनीही दहातले नऊ सांधे टिकलेले आढळले. बिघडलाच, तर हाड काढण्याचा पहिला मार्ग शिल्लक असतो.

मग सगळ्यांनी नवा सांधाच का बसवू नये? इथंच आपलं इंजिनिअरिंग उपयोगी पडतं. बेअरिंग निवडताना आपण आधी काय विचारतो? लोड किती आणि सायकल्स किती! रोज खुरपं आवळणाऱ्या हाताला नऊ मिलिमीटरची वाटी किती साथ देईल, हा प्रश्न सर्जनला स्पष्ट विचारायला हवा. जुनं हाड काढण्याचं ऑपरेशन दिसायला ओबडधोबड, पण त्यात सैल होण्यासारखं काही नसतं.

आईला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "माझ्या अंगठ्याचं राहू दे, महिना-दीड महिना धारा कोण काढणार ते सांग." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावातल्या पुष्कळ अंगठ्यांची शस्त्रक्रिया याच प्रश्नावर अडत असेल.

तिची झीज अजून मधल्या टप्प्यावर आहे, म्हणून आम्ही आधी भार कमी केला. अंगठा दुमडून सड दाबण्याऐवजी पूर्ण मुठीनं धार काढायची. खुरप्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळून ती जाड केली, कारण जाड मुठीला चिमटा कमी लागतो. कामाच्या वेळी पट्टा. संध्याकाळची धार आता भाऊ काढतो. दुखणं गेलं नाही, पण रात्रीची झोप लागते. पुढं ऑपरेशन लागलं, तर कुठलं करायचं हे विचारायला आम्ही तयार आहोत.

तेव्हा मंडळी, सुट्टीत घरी गेलात की आईला एकदा बरणीचं झाकण उघडायला सांगा. ती दुसऱ्या हाताकडे वळली, तर अंगठ्याच्या बुडाशी हळूच दाबून बघा. आणि एक वेळची धार तुम्ही काढा!