सागरी मत्स्यालयातील नव्या माशाचे अनुकूलन

सागरी मत्स्यालयातील नव्या माशाचे अनुकूलन म्हणजे प्रवासाचा ताण सोसून आलेल्या खाऱ्या पाण्यातील माशाला नव्या टाकीतील पाणी, प्रकाश, अन्न आणि सोबती यांच्याशी टप्प्याटप्प्याने जुळवून घेऊ देण्याची प्रक्रिया होय. पिशवीतील माशाला टाकीत सोडणे हा या प्रक्रियेचा केवळ एक भाग आहे. टाकीची पूर्वतयारी, माशाचे स्थलांतर, विलगीकरण आणि आहाराची सवय हे सर्व टप्पे तिच्यात येतात आणि त्यांना काही आठवडे लागतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात सागरी मासे काचेआड पाहण्याची आवड सामान्य लोकांत रुजवण्यात मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचा मोठा वाटा आहे. मरीन ड्राइव्हवरील हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. घरगुती मत्स्यालयांसाठी शोभिवंत मासे मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, कुर्ला अशा ठिकाणी विकत मिळतात. गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांपैकी बरेचसे शेततळ्यांत व टाक्यांत पैदास केलेले असतात. सागरी माशांची स्थिती वेगळी आहे. त्यांतील बहुतेक जाती आजही प्रवाळभित्तींवरून पकडून आणल्या जातात. पकडणारा, साठवणूक करणारा, निर्यातदार आणि दुकानदार अशा अनेक हातांतून गेल्यावर मासा घरी पोहोचतो. या साखळीत त्याला बरेचदा उपाशी ठेवलेले असते आणि अनेकदा पाणी बदललेले असते. त्यामुळे घरी आलेला मासा दिसायला धडधाकट असला, तरी त्याची सहनशक्ती बरीच खर्ची पडलेली असते.

माशाच्या शरीरातील क्षारसंतुलन

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. सागरी अस्थिमत्स्यांच्या शरीरद्रवातील क्षारता याच्या साधारण एक तृतीयांश असते. या फरकामुळे परासरणाने माशाच्या शरीरातील पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर जात राहते. ही तूट भरून काढण्यासाठी मासा समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांतील विशिष्ट पेशींद्वारे बाहेर टाकतो. या कामासाठी त्याला अखंड ऊर्जा लागते.

माशावर ताण आला की त्याच्या रक्तात कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांचे प्रमाण वाढते व श्वसनाचा वेग वाढतो. कल्ल्यांतून अधिक पाणी व क्षार ये-जा करू लागतात आणि क्षारसंतुलन ढळते. ताण लांबल्यास रोगप्रतिकारशक्तीही घटते. म्हणूनच वाहतुकीतून वाचलेला मासा अनेकदा काही दिवसांनी रोगाला बळी पडतो.

क्षारतेतील बदल सोसण्याची क्षमता सर्व माशांत सारखी नसते. रायगड जिल्ह्यात प्रसिद्ध असलेला जिताडा खाडीतही राहतो आणि गोड्या पाण्याच्या तळ्यातही वाढवला जातो. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी भरती-ओहोटीबरोबर बदलणारी क्षारता सहज सोसते. प्रवाळभित्तीवरील माशांच्या भोवतीचे पाणी मात्र वर्षभर जवळजवळ एकसारखे असते. मत्स्यालयासाठी विकले जाणारे विदूषक मासे, फुलपाखरू मासे व सर्जन मासे याच गटातील आहेत. खाडीतल्या माशांवरून त्यांच्या सहनशक्तीचा अंदाज बांधता येत नाही.

पिशवीतील पाणी आणि अमोनिया

बंद पिशवीत मासा श्वासोच्छ्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडत असतो. प्रवास जितका लांबतो, तितके दोन्हींचे प्रमाण वाढते. कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच खाली येतो. कमी पीएचला बहुतांश अमोनिया अमोनियम या तुलनेने कमी घातक रूपात राहतो. अशा रीतीने एक दूषित घटक दुसऱ्याच्या विषारीपणाला तात्पुरता आवर घालतो.

पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो व पीएच चढू लागतो. पीएच एकाने वाढला की मुक्त, विषारी अमोनियाचे प्रमाण सुमारे दहापट होते. मासा त्याच पाण्यात राहिला, तर त्याचे कल्ले पोळतात. लांबच्या प्रवासानंतर उघड्या पिशवीत टाकीचे पाणी थेंबथेंब सोडत तास-दीड तास घालवणे हानिकारक ठरते, ते या कारणाने. थेंब पद्धत मुळात अयोग्य नाही. जवळच्या दुकानातून थोड्या वेळात आणलेल्या माशासाठी ती उपयुक्त आहे. प्रवास किती वेळ चालला, यावर पद्धतीची निवड अवलंबून असते.

टाकीची पूर्वतयारी

नव्या टाकीत नायट्रोजन चक्र स्थिर होण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वाळू, खडक आणि गाळणीवर वाढतात. अमोनिया व नायट्राइट या दोन्ही चाचण्या शून्य दाखवू लागल्यावरच मासा आणावा. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ आणि पीएच ८.० ते ८.४ ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. क्षारता मोजण्यासाठी तरंगत्या मापकापेक्षा अपवर्तनमापक अधिक विश्वसनीय असतो, मात्र तोही अधूनमधून तपासून घ्यावा लागतो.

स्थलांतराचे टप्पे

मासा आणण्यापूर्वी विक्रेत्याच्या टाकीतील विशिष्ट गुरुत्व विचारून घ्यावे आणि विलगीकरण टाकीतील पाणी त्याच्याशी जुळवून ठेवावे. त्यामुळे मासा आल्यावर करावे लागणारे काम बरेच कमी होते. दुकानात मासा अन्न खातो का, हेही प्रत्यक्ष पाहून घेणे हिताचे असते.

घरी आणल्यावर खोलीतील व टाकीवरील दिवे मंद करावेत. बंद पिशवी १५ ते २० मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्हींचे तापमान सारखे होते. पुढील कृती प्रवासाच्या काळानुसार ठरते.

अल्प प्रवास: पिशवीतील पाणी व मासा स्वच्छ भांड्यात घेऊन त्यात दर पाच मिनिटांनी थोडे टाकीचे पाणी मिसळावे. अर्धा ते पाऊण तासात हे काम पूर्ण करावे.

दीर्घ प्रवास: तापमान जुळताच पिशवी उघडावी आणि आधीच जुळवलेल्या क्षारतेच्या पाण्यात मासा विनाविलंब हलवावा. क्षारतेतील उरलेला फरक पुढील काही दिवसांत भरून काढावा.

क्षारता घटणे बहुतेक मासे सहन करतात, परंतु ती एकदम वाढल्यास शरीरातील पाणी वेगाने कमी होते. त्यामुळे विशिष्ट गुरुत्व दिवसाला ०.००१ ते ०.००२ पेक्षा जास्त वाढवू नये. जाळीत माशाचे काटे व पर अडकतात, म्हणून लहान भांड्याने मासा उचलणे अधिक सुरक्षित असते. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये, कारण त्यातून अमोनियाबरोबर रोगजंतूही येतात.

विलगीकरण

नव्या माशाला ४ ते ६ आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे हा अनुकूलनाचा सर्वांत अधिक टाळला जाणारा, तरीही महत्त्वाचा टप्पा आहे. या टाकीत वाळू नसली तरी चालते. गाळणी, तापक, हवेचा पंप आणि लपण्यासाठी पीव्हीसी नळीचे दोन-तीन तुकडे पुरेसे असतात. गाळणीतील स्पंज आधीपासून मुख्य टाकीत ठेवल्यास त्यावर आवश्यक जिवाणू तयार मिळतात.

क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स या परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सागरी मत्स्यालयांत वारंवार आढळतो. ठिपके नाहीसे झाले म्हणजे मासा बरा झाला, असे नसते. परजीवी माशावरून गळून तळाशी कवचात वाढतो आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी शेकडो नवे जीव बाहेर पडतात. ॲमिलूडिनियम हा परजीवी याहूनही वेगाने पसरतो व काही दिवसांतच टाकीतील सर्व मासे मारू शकतो. तांबेयुक्त औषधे दोहोंवर वापरली जातात, परंतु ती प्रवाळ, कोळंबी, शंख अशा अपृष्ठवंशीय प्राण्यांना घातक असल्याने मुख्य टाकीत देता येत नाहीत.

आडोसा आणि सोबती

पहिला दिवस दिवे बंद ठेवावेत व नंतर प्रकाशाचा काळ हळूहळू वाढवावा. लपायला जागा मिळालेला मासा लवकर बाहेर येतो, तर उघड्यावर राहिलेला मासा सतत सावध राहून ऊर्जा खर्च करतो. मुख्य टाकीत आधीपासून असलेले मासे आपली हद्द राखतात. त्यामुळे शांत स्वभावाचे मासे आधी आणि डॅमसेलसारखे भांडखोर मासे शेवटी सोडावेत. नवा मासा सोडण्यापूर्वी खडकांची मांडणी बदलल्यास जुन्या हद्दी मोडतात. नव्या माशाला काही दिवस छिद्रे असलेल्या पारदर्शक पेटीत ठेवले, तर इजा न होता परस्परांची ओळख होते.

आहार

पहिल्या दिवशी मासा खात नसल्यास घाबरण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवसापासून आर्टेमिया, बारीक चिरलेली कोळंबी किंवा तिसऱ्यांचे मांस अगदी थोडे देऊन पाहावे व न खाल्लेले अन्न काढून टाकावे. सर्जन माशांना सागरी शैवालही लागते. मँडरिन मासा मुख्यतः सूक्ष्म जिवंत प्राण्यांवर जगतो, तर फुलपाखरू माशांच्या काही जाती केवळ प्रवाळ खातात. अशा जातींची उपासमार कोणत्याही अनुकूलनाने टळत नाही. नवशिक्यांनी त्या न घेणेच योग्य.

ताणाची लक्षणे

जलद श्वसन, फिकट रंग, अंगाला चिकटवलेले पर, खडकाला अंग घासणे आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून राहणे ही प्रमुख लक्षणे होत. ती दिसताच औषध घालण्यापूर्वी अमोनिया, क्षारता, तापमान व हवेचा पुरवठा तपासावा. पाण्यातील दोष असल्यास जुळवलेल्या ताज्या पाण्याने काही भाग बदलणे हा पहिला उपाय असतो.

समुद्रापासून दूरच्या गावांतील अडचणी

पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारख्या सह्याद्रीतील गावी मासा नेताना मुंबई-गोवा महामार्गावरील प्रवासानंतर घाटरस्ता लागतो. अशा ठिकाणी दीर्घ प्रवासाची पद्धतच वापरावी आणि तापमान टिकवण्यासाठी पिशवी थर्माकोलच्या पेटीत ठेवावी. पाणी तयार करताना क्षारविरहित केलेल्या पाण्यात कृत्रिम सागरी मीठ मिसळावे लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादी घटक योग्य प्रमाणात नसतात. कोकण किनाऱ्यालगतचे पाणी आणून वापरणेही पावसाळ्यात बेभरवशाचे ठरते, कारण नद्यांच्या पुरामुळे ते गढूळ व कमी खारे होते. वीज गेल्यास पाण्यातील ऑक्सिजन लवकर घटतो, म्हणून बॅटरीवरील हवेचा पंप जवळ ठेवावा. उन्हाळ्यात पंख्याने टाकी थंड ठेवता येते, मात्र बाष्पीभवनाने क्षारता वाढत असल्याने घटलेल्या पाण्याइतके गोडे पाणी रोज घालावे लागते.

पर्यावरण आणि कायदा

काही देशांत प्रवाळभित्तीवरील मासे सायनाइडने गुंगवून पकडले जातात. त्यामुळे मासे आणि प्रवाळ दोन्हींची हानी होते. मृत माशाच्या जागी दुसरा आणला की तोही बहुधा प्रवाळभित्तीवरूनच येतो. याला पर्याय म्हणजे बंदिवासात पैदास केलेले मासे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने तमिळनाडूतील मंडपम येथील केंद्रात विदूषक माशांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले असून, महाराष्ट्रात नवी मुंबईतील ऐरोली येथेही विदूषक माशांची पैदास केली जाते. असे मासे जन्मापासून टाकीतील पाण्याला व तयार खाद्याला सरावलेले असल्याने त्यांचे अनुकूलन सोपे जाते. समुद्रघोडे व दगडी प्रवाळ यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्यामुळे ते निसर्गातून पकडून आणणे व विकणे हा भारतात गुन्हा आहे.