चॅपेल हिलच्या मुली

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व किनाऱ्याला उत्तर कॅरोलायना नावाचे राज्य आहे. त्या राज्यातील चॅपेल हिल या गावी एक जुने विद्यापीठ आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या अमेरिकन विद्यापीठांपैकी विद्यार्थ्यांसाठी आपले दार प्रथम उघडले ते याच विद्यापीठाने; ते वर्ष होते १७९५. मुलींना मात्र त्या दारातून आत येण्यासाठी १८९७ सालापर्यंत वाट पाहावी लागली. आणि विद्यापीठाचा गणवेश अंगावर घालून फुटबॉलच्या मैदानात उतरण्यासाठी त्यांना आणखी ८२ वर्षे थांबावे लागले.

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. तेथे फुटबॉल म्हटले, की लांबट चेंडू हातात धरून धावण्याचा आणि एकमेकांना आडवे पाडण्याचा एक निराळाच खेळ लोकांच्या डोळ्यांपुढे येतो. या लेखात मात्र फुटबॉल हा शब्द आपल्याच अर्थाने घ्यावयाचा आहे.

मुलींनी हा खेळ खेळावा की नाही, याविषयी जगात पुष्कळ वर्षे वाद होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील पुरुष रणांगणावर गेले आणि त्यांच्या जागी स्त्रिया कारखान्यांत काम करू लागल्या. प्रेस्टन या गावच्या अशाच एका कारखान्यातील कामगार स्त्रियांनी आपला फुटबॉल संघ उभा केला. १९२० च्या डिसेंबर महिन्यात लिव्हरपूल येथे त्यांचा सामना पाहण्यास ५३,००० माणसे लोटली होती. एवढी गर्दी पाहून कोणालाही आनंदच व्हावयाचा. पण तेथील फुटबॉल संघटनेला तो झाला नाही. हा खेळ स्त्रियांना मुळीच योग्य नाही, असे तिने पुढच्याच वर्षी ठरविले आणि आपल्या सभासद संघांची मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी सुमारे ५० वर्षे टिकली. ब्राझील आणि पश्चिम जर्मनी या फुटबॉलवेड्या देशांतही अशाच बंद्या होत्या. जेथे पुरुषांना हा खेळ प्राणांहून प्रिय होता, तेथेच स्त्रियांची वाट अधिक कठोरपणे अडविली गेली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत अशी बंदी नव्हती. तेथे होती ती उपेक्षा. १९७१-७२ या वर्षी तेथील माध्यमिक शाळांच्या संघांतून सुमारे ३६ लाख मुलगे खेळत असत, तर मुलींची संख्या तीन लाखही नव्हती. मुलींच्या खेळासाठी पैसा नाही, प्रशिक्षक नाही, मैदानही नाही, असाच बहुतेक ठिकाणी प्रकार होता. ही स्थिती पालटण्यास एक कायदा कारण झाला. २३ जून १९७२ या दिवशी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक एका कायद्यावर सही केली. त्याचे नववे कलम सांगते, की सरकारी साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणक्रमात स्त्री किंवा पुरुष म्हणून कोणालाही वगळता येणार नाही. ईडिथ ग्रीन आणि पॅट्सी मिंक या दोन लोकप्रतिनिधी स्त्रियांनी त्यासाठी मोठे परिश्रम घेतले होते. मौजेची गोष्ट अशी, की त्या मूळ कलमात खेळाचे नावसुद्धा नाही. परंतु मैदान हाही शिक्षणाचाच भाग आहे असे एकदा मानले, की मग मुलींना मैदानाबाहेर कसे ठेवता येणार?

कायद्याने दार उघडले. पण उघड्या दारातून कोणीतरी आत पाऊल टाकावे लागते. चॅपेल हिल येथे काही विद्यार्थिनी स्वतःची मंडळी जमवून हौसेने फुटबॉल खेळत. आपल्याला विद्यापीठाचा अधिकृत संघ म्हणून मान्यता मिळावी, अशी मागणी त्यांनी केली. क्रीडासंचालक बिल कोबी यांनी ती मागणी टोपलीत टाकली नाही. मुलग्यांच्या संघाचे तरुण प्रशिक्षक अ‍ॅन्सन डॉरन्स यांना त्यांनी बोलाविले आणि या मुलींचा खेळ पाहून मत देण्यास सांगितले. मुलींची तळमळ डॉरन्स यांना दिसली; त्यांचे मत अनुकूल पडले. तेव्हा त्यांनाच मुलींच्या संघाचेही प्रशिक्षक नेमण्यात आले. हे वर्ष होते १९७९. डॉरन्स तेव्हा २८ वर्षांचे होते. त्यांचे वडील तेलाच्या व्यवसायात असल्याने देशोदेशी फिरत असत. त्यामुळे या अमेरिकन गृहस्थांचा जन्म झाला तो आपल्या मुंबईत, १९५१ साली.

संघ तर झाला, पण खेळावयाचे कोणाशी? त्या भागातील इतर विद्यापीठांत मुलींचे अधिकृत संघ जवळजवळ नव्हतेच. मग हौशी मंडळांचे संघ, जे कोणी खेळावयास तयार होईल ते, असे प्रतिस्पर्धी शोधावे लागत. १९८१ साली विद्यापीठांतील स्त्रियांच्या क्रीडासंघटनेने फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा चॅपेल हिल येथेच भरविली. अंतिम सामन्यात यजमान मुलींनी मध्य फ्लॉरिडा विद्यापीठाला १-० असे हरविले. पुढच्या वर्षी विद्यापीठांच्या सर्वसाधारण क्रीडासंघटनेने मुलींची पहिली स्पर्धा घेतली. तीत १२ संघ होते. अंतिम सामन्यात पुन्हा तीच दोन विद्यापीठे समोरासमोर आली आणि उत्तर कॅरोलायनाने २-० असा विजय मिळविला.

मुलींना शिकविताना डॉरन्स यांना एक अनपेक्षित अडचण जाणवली. त्यांच्या अंगी चपळाई होती, बुद्धी होती, कष्टांची तयारीही होती. अडचण निराळीच होती. सरावात आपल्याच मैत्रिणीवर मात करणे त्यांना अवघड वाटे. लहानपणापासून मुलीने सर्वांशी गोडीने राहावे, पुढे पुढे करू नये, असे त्यांना शिकविलेले असे. मग चेंडूसाठी मैत्रिणीशी झुंजावयाचे ते कसे? १९८३ साली एप्रिल हाइनरिक्स नावाची मुलगी संघात आली. ती सरावातही सामन्यासारखीच खेळे. समोर कोण आहे हे ती पाहत नसे. तिचे हे वागणे काही सोबतिणींना खटकले आणि त्यांची कुरकुर प्रशिक्षकांपर्यंत पोहोचली. परंतु डॉरन्स यांना तर अशाच मुली हव्या होत्या. एप्रिलला आवर घालण्याऐवजी सगळ्या संघाने तिच्यासारखे व्हावे, असे त्यांनी मनाशी ठरविले.

त्यासाठी त्यांनी एक पद्धत बसविली. त्याच विद्यापीठाच्या मुलग्यांच्या बास्केटबॉल संघाचे विख्यात प्रशिक्षक डीन स्मिथ सरावातील प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवीत. डॉरन्स यांनी ती रीत उचलली. एकास एक झुंज, धावण्याची शर्यत, लांबवर चेंडू मारणे, डोक्याने चेंडू मारणे, अशा प्रत्येक प्रकारात कोण जिंकले आणि कोण हरले, याची कागदावर नोंद होऊ लागली. मग क्रमवार याद्या तयार होत आणि सर्वांना दिसतील अशा लावल्या जात. आपण कोठे उभ्या आहोत हे प्रत्येकीला कळे. यादीच्या तळाशी स्वतःचे नाव पाहणे कोणाला आवडेल? पण तिचा एक मोठा लाभ झाला. जिंकण्याची इच्छा धरणे म्हणजे मैत्रीत अंतर पाडणे नव्हे, ही गोष्ट मुलींना हळूहळू उमगली. डॉरन्स यांनाही आपली रीत बदलावी लागली. मुलग्यांपुढे मोठ्याने ओरडून काम भागे. मुलींशी तसे वागून चालत नाही, प्रशिक्षकाला आपल्याविषयी खरा जिव्हाळा आहे हे त्यांना आधी पटावे लागते, असे ते पुढे नेहमी सांगत.

१९८५ च्या अंतिम सामन्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाने या संघाला हरविले. त्यानंतर मात्र १९८६ पासून १९९४ पर्यंत सलग नऊ वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद चॅपेल हिलकडेच राहिले. याच काळात एकदा त्यांनी लागोपाठ ९२ सामने जिंकले. १९९४ साली नोटर डेम विद्यापीठाने सामना ०-० असा बरोबरीत सोडविला, तेव्हा कोठे ही मालिका खंडित झाली. न हरताही बातमी व्हावी, असे भाग्य फार थोड्या संघांच्या वाट्याला येते!

या सोनेरी काळातील सर्वांत प्रसिद्ध खेळाडू म्हणजे मिया हॅम. वर सांगितलेला कायदा ज्या वर्षी झाला, त्याच वर्षी तिचा जन्म झाला. ती चौदा वर्षांची असताना डॉरन्स तिचा खेळ पाहण्यास गेले. ‘ती कोणती ते मला सांगू नका,’ असे त्यांनी आधीच बजावले होते. खेळ सुरू झाला आणि एक बारीकशी मुलगी चेंडूमागे अशी सुटली, की विचारण्याची गरजच उरली नाही. पंधराव्या वर्षी ती देशाच्या संघातून खेळली आणि १९८९ साली चॅपेल हिलला आली. स्वभावाने ती लाजाळू होती. आपले कौतुक झाले की संकोचून जाई.

हिवाळ्यातील एका सकाळी डॉरन्स मोटारीने कामावर निघाले होते. वाटेतील मैदानावर त्यांना एकच आकृती धावताना दिसली. ती जीव तोडून धावे, दम संपला की गुडघ्यांवर हात टेकून वाके, आणि श्वास परतला की पुन्हा धावू लागे. ती मिया होती. तिला कोणी तेथे पाठविले नव्हते आणि आपल्याला कोणी पाहत आहे, याची तिला कल्पनाही नव्हती. डॉरन्स थांबले नाहीत; त्यांनी नंतर तिला चार ओळींची एक चिठ्ठी पाठविली. कोणी पाहत नसताना जी घामाने निथळून जाते तीच खरी विजेती, असा त्या चिठ्ठीचा आशय होता. विद्यापीठासाठी मियाने १०३ गोल केले आणि चार अजिंक्यपदे मिळविली. तिचा १९ हा अंक तेथे आता दुसऱ्या कोणाला दिला जात नाही.

विद्यापीठाचे काम सांभाळून डॉरन्स १९८६ पासून देशाच्या स्त्रियांच्या संघालाही शिकवीत होते. १९९१ साली चीनमध्ये स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तेथील सामने ९० मिनिटांऐवजी ८० मिनिटांचेच ठेविले होते. स्त्रियांना पूर्ण वेळ झेपेल की नाही, अशी शंका अजूनही कोणाच्या तरी मनात होती! ग्वांगजो शहरी अंतिम सामन्यात अमेरिकेने नॉर्वेला २-१ असे हरविले. विजयी संघाची कर्णधार होती तीच एप्रिल हाइनरिक्स. आठ वर्षांनी, १९९९ साली, अमेरिकेत विश्वचषकाचा अंतिम सामना पाहण्यास ९०,१८५ प्रेक्षक जमले. जादा वेळेत चीनच्या खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू गोलरक्षिकेला चुकवून आत जाणार, तोच गोलरेषेवर उभ्या असलेल्या क्रिस्टीन लिलीने तो डोक्यानेच परतविला. पुढे अमेरिका जिंकली. लिलीही चॅपेल हिलचीच विद्यार्थिनी.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे आणि ती वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९८ साली दोन माजी खेळाडूंनी डॉरन्स यांच्याविरुद्ध न्यायालयात दावा लावला. मुलींशी बोलताना त्यांनी मर्यादा सोडली, अशी त्यांची तक्रार होती. प्रकरण दहा वर्षे चालले. अखेर तडजोड झाली आणि २००८ साली डॉरन्स यांनी लेखी क्षमा मागितली. कीर्तिमान शिक्षकालाही जाब विचारता येतो, हे त्या दोघींनी दाखविले. त्यालाही धैर्यच लागते.

एकविसाव्या शतकात चॅपेल हिलच्या विजयांची संख्या कमी होत गेली. २०१२ नंतर तर बारा वर्षे अजिंक्यपदाने हुलकावणी दिली. खेळ उतरला म्हणून असे घडले, असे म्हणता येणार नाही. तीनशेहून अधिक मोठ्या विद्यापीठांत आता मुलींचे संघ झाले होते आणि राष्ट्रीय स्पर्धेत १२ ऐवजी ६४ संघ उतरत होते. चॅपेल हिलहून शिकून गेलेल्या कितीतरी जणी इतरत्र प्रशिक्षक झाल्या होत्या. जुन्या संघाला आता गाठ घालावयाची होती ती आपल्याच विद्येशी.

२०१९ साली विद्यापीठाच्या नव्या मैदानाला डॉरन्स यांचे नाव देण्यात आले. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात, ४५ वर्षांच्या सेवेनंतर, ते निवृत्त झाले. त्यांचे सहायक डेमन नहास यांनी संघाची सूत्रे हाती घेतली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात चॅपेल हिलच्या मुलींनी बाराव्या वर्षी पुन्हा अजिंक्यपद मिळविले. अंतिम सामना १-० असा सुटला. हरलेला संघ होता वेक फॉरेस्ट विद्यापीठाचा, म्हणजे त्याच राज्यातील शेजाऱ्यांचा. १९७९ साली चॅपेल हिलच्या मुली प्रतिस्पर्धी शोधीत फिरत होत्या, तेव्हा त्या विद्यापीठात मुलींचा अधिकृत फुटबॉल संघच नव्हता.