खाडीच्या पाण्याच्या दोन करामती

वाशीहून मानखुर्दला जाताना लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली, तर खाडी येताच बाहेर बघा बरं का! पुलाखालचं ते करडं, खारं पाणी दोन अगदी वेगळ्या करामती करतं.

पहिली करामत उरण-पेणकडची. तिथे आगरी लोकांनी पिढ्यानपिढ्या मीठ पिकवलं. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं आणि उन्हात तापू द्यायचं. पाण्याची वाफ होऊन जाते, मीठ खाली उरतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते आधीपासून पाण्यातच होते, नवं काही तयार झालं नाही. म्हणून हा भौतिक बदल. घरी ताटलीत मिठाचं पाणी उन्हात ठेवा आणि उरलेलं मीठ भिंगातून पाहा. बारीक बारीक चौकोनी ठोकळे दिसतील!

दुसरी करामत लोखंडावर चालते. वाशी खाडीवरचा पहिला रस्त्याचा पूल 1973 मध्ये सुरू झाला. खाऱ्या हवेने त्याच्या काँक्रीटमधल्या पोलादी तारा गंजू लागल्या आणि 1997 मध्ये शेजारी नवा पूल उभा राहिला. गंज म्हणजे लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी यांच्यापासून बनलेला नवाच पदार्थ. लोखंड चिवट, गंज भुसभुशीत. लोखंड चुंबकाला चटकन चिकटतं, तांबूस गंज सहसा चिकटत नाही. हा रासायनिक बदल. आणि यात मिठाचं काम काय? मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे गंजण्याची क्रिया भराभर होते.

याचा प्रयोग मला फार आवडतो. तीन ग्लास घ्या आणि प्रत्येकात एक साधा लोखंडी खिळा टाका (चकचकीत जस्ताचा मुलामा दिलेला नको). पहिल्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात मिठाचं. तिसऱ्यात मोठ्यांकडून उकळून घेतलेलं, झाकून थंड केलेलं पाणी आणि त्यावर तेलाचा थर. उकळताना पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि तेल नवी हवा आत येऊ देत नाही. आता सांगा, कोणता खिळा आधी तांबूस होईल?

‘पूर्वीसारखं करता आलं तर भौतिक, नाही तर रासायनिक’ असं पुष्कळ जण पाठ करतात. ही खूण बऱ्याचदा चालते, पण तिच्यावर फार विसंबू नका. हळदीच्या पाण्यात साबणाचं पाणी घाला, ते लालसर होईल. त्यात लिंबू पिळा, पुन्हा पिवळं! रंग परत आला, तरी हा बदल रासायनिकच, कारण हळदीतल्या रंगद्रव्याचे रेणू बदलले आणि लिंबाच्या आम्लाने ते पुन्हा पहिल्यासारखे झाले. उलट कागद टराटरा फाडा. तो काही पहिल्यासारखा होत नाही, पण तुकडे कागदाचेच, म्हणजे बदल भौतिक. खरा प्रश्न एकच: नवा पदार्थ तयार झाला का?

तेव्हा आजच खिळे ग्लासात टाका. रोज संध्याकाळी बघा, तारीख घालून वहीत लिहा, चित्रं काढा आणि आठवड्याने ती वही वर्गात बाईंना नक्की दाखवा.