दुकानाची चार दिवसांची सुट्टी आणि मनोरंजन उद्यानांचा हिशेब

व्यापारी कुटुंबाच्या वर्षात सुट्टीला जागा थोडी असते. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या गावात तर ती आणखीच थोडी. उन्हाळ्यात कापड दुकानदाराची लगीनसराई, मृगाच्या आगेमागे बी-बियाणे व खते विकणाऱ्यांची धांदल, दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन-कापसाच्या पैशाबरोबर येणारी गिऱ्हाइकी आणि मार्चअखेरचे हिशेब, असा वर्षाचा क्रम लागलेला असतो. पर्युषणाच्या दिवसांत सहलीचा विषय घरात निघत नाही. या सर्वांतून उरतात ते शाळेच्या सुट्टीतले चार दिवस. मुले एखाद्या मनोरंजन उद्यानाचे नाव घेतात आणि दुकानाचे शटर कोणासाठी व कोठे जाण्यासाठी ओढायचे, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरातील सोळा वर्षांचा मुलगा देतो आणि ते सर्वांत उंच झुल्याच्या नावाने देतो. परंतु प्रवासाला निघतात आठ जण. त्यांत आजी-आजोबा असतात, दोन भाऊ आणि दोन जावा असतात, चार वर्षांची नातही असते. म्हणून उद्यानांची तुलना करताना झुल्यांची संख्या मोजण्याआधी एक गोष्ट पाहावी: या आठांपैकी किती जणांचा दिवस खरोखर भरून निघेल आणि किती जण पिशव्या सांभाळत बाकावर बसून राहतील?

जत्रेचा हिशेब आणि उद्यानाचा हिशेब

परभणीकरांना पाळण्यांची ओळख झाली ती उरुसात. हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी भरतो. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, मौत का कुआ, मिठाईची दुकाने असा त्याचा थाट सर्वांच्या परिचयाचा आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्राही तशीच. जत्रेचा आर्थिक नियम सरळ असतो: जो पाळण्यात बसेल, त्यानेच पैसे द्यावेत. आजोबा नुसते उभे राहून नातवंडांकडे पाहत असतील, तर त्यांचा खर्च शून्य.

मोठ्या उद्यानाचा नियम वेगळा. तेथे पैसे दारातच द्यावे लागतात. आत गेल्यावर दहा झुले घ्यावेत किंवा एकही घेऊ नये. ही पद्धत आरंभापासूनची नाही. अमेरिकेतील डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झाले तेव्हा तेथेही प्रवेशाचे आणि प्रत्येक खेळाचे तिकीट निराळे होते. एका तिकिटात सर्व काही, ही व्यवस्था तेथे १९८२ पासून कायम झाली. तिच्यामागचे कारण व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. झुला भरलेला असो वा रिकामा, त्यावरील कर्जाचे व्याज, देखभाल, वीज आणि नोकरवर्गाचा पगार थांबत नाही. एवढा स्थिर खर्च भागवायचा तर उत्पन्न प्रवेशद्वारातच पक्के करून घ्यावे लागते. त्यावर कर असतो तो वेगळाच. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा, जुलै २०१७ मध्ये, मनोरंजन उद्यानांच्या प्रवेशावर २८ टक्के आकारणी होती. जानेवारी २०१८ मध्ये ती १८ टक्क्यांवर आली.

हा धंदा किती अवघड आहे, याची उदाहरणे आपल्याकडेच आहेत. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेतील हत्तीच्या पिलाचे नाव घेऊन १९८४ मध्ये दिल्लीत सुरू झालेले अप्पू घर २००८ मध्ये बंद झाले. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ मध्ये सुरू झालेले एस्सेल वर्ल्ड तर महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीचे स्वप्न होते. खाडी ओलांडून बोटीने तेथे जाणे, हाच मराठवाड्यातील मुलांसाठी अर्धा आनंद असे. करोनाच्या काळात थांबलेले तेथील झुले पुन्हा सुरू झाले नाहीत; १९९८ मध्ये शेजारी उभारलेले वॉटर किंगडम मात्र चालू राहिले.

पश्चिमेकडे: खोपोलीचे इमॅजिका

ताडकळसहून पश्चिमेला सुमारे साडेचारशे किलोमीटरवर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ इमॅजिका आहे. चित्रपट व्यवसायातील मनमोहन शेट्टी यांनी ते एप्रिल २०१३ मध्ये सुरू केले. भांडवल प्रचंड लागले, कर्जही तसेच वाढले आणि अखेर २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे आले. तालुक्याच्या गावात वाढलेल्या एका व्यापारी घराण्याने देशातील एक मोठे उद्यान ताब्यात घ्यावे, ही गोष्ट व्यापारी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

येथील नायट्रो हा रोलर कोस्टर सुमारे ४० मीटर उंच आहे. त्याचा वेग ताशी १०५ किलोमीटरच्या घरात जातो आणि वाटेत तो बसणाऱ्याला पाच वेळा उलटा करतो. अशा गाडीला स्वतःचे इंजिन नसते. साखळी तिला एकदा माथ्यावर ओढून नेते. पुढचे सारे काम गुरुत्वाकर्षण करते. नववी-दहावीतील मुलाला ऊर्जेच्या रूपांतराचा धडा येथे पोटात गोळा येऊन समजतो. उंचीची किमान मर्यादा आणि हृदयविकार, रक्तदाब, पाठीचे दुखणे व गर्भारपण यांबाबतच्या सूचना मात्र काटेकोर पाळाव्यात. तेथे भीड घालू नये.

इमॅजिकाचा खरा गुण कथानकात आहे. राजासॉरस नावाची जलसफर गुजरातेतील राहिओली येथे जीवाश्म सापडलेल्या आणि २००३ मध्ये नामकरण झालेल्या डायनासोरवर बेतलेली आहे. ‘आय फॉर इंडिया’ या खेळात मोठ्या पडद्यासमोर आसने उचलली जातात आणि देशावरून उडत गेल्याचा भास होतो. ज्यांना उलटेपालटे होणे नको, त्यांनाही असे खेळ घेता येतात. अडचण दोन बाबतींत आहे. येथे झुल्यांचे उद्यान आणि जलउद्यान यांची तिकिटे वेगवेगळी असतात; आणि ताडकळसकडून जाऊन-येऊन दोन दिवस प्रवासातच जातात. पावसाळ्यात घाटाखालचा पाऊस उघड्यावरचे झुले केव्हाही थांबवू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

दक्षिणेकडे: हैदराबाद

मराठवाड्याच्या या भागाला हैदराबाद जवळचे. पूर्णा जंक्शनहून तिकडे जाणाऱ्या गाड्या आहेत. रात्री बसून सकाळी उतरता येते. तेथील वंडरला एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाले. केरळातील उद्योजक कोचौसेफ चिट्टिलपिल्ली यांनी कोचीत २००० मध्ये आणि बंगळुरूत २००५ मध्ये उभारलेल्या उद्यानांनंतरचे हे तिसरे. येथे जमिनीवरचे आणि पाण्यातले खेळ एकाच तिकिटात मिळतात. रिकॉइल ही येथील गाडी आधी पुढे जाते आणि त्याच वळणांतून उलटी मागे येते. तरुणांना येथे सर्वाधिक खेळ पदरात पडतात. कथानकाची सजावट इमॅजिकाच्या मानाने कमी आहे आणि ज्येष्ठांनी करण्यासारखेही थोडेच आहे.

ती उणीव रामोजी फिल्म सिटी भरून काढते. १९९६ मध्ये सुरू झालेली ही चित्रनगरी १,६६६ एकरांवर पसरलेली असून जगातील सर्वांत मोठे चित्रपट संकुल म्हणून तिची गिनेस पुस्तकात नोंद आहे. येथे मुख्य आकर्षण झुल्यांचे नाही. बसमध्ये बसून खोटे रेल्वे स्थानक, खोटे राजवाडे, परदेशी वाटणारे रस्ते आणि ‘बाहुबली’चे सेट पाहता येतात. विशेष म्हणजे आजी-आजोबा, सुना आणि नातवंडे एकाच बसमध्ये असतात. झुल्यांसाठीच हट्ट धरणाऱ्या मुलांना मात्र येथील खेळ फिके वाटतील. हैदराबादहून सुमारे ८० किलोमीटरवर कुलपाकजी तीर्थ आहे. एक दिवस वंडरला, एक दिवस रामोजी आणि एक सकाळ दर्शनाला, अशी आखणी चार दिवसांत बसते.

जवळची ठिकाणे

शिर्डीला मालपाणी समूहाचेच वेट एन जॉय जलउद्यान आणि साईतीर्थ हे भक्तिपर उद्यान आहे. लहान मुलांना पहिल्यांदाच नेणाऱ्या घरांना ते सोयीचे. शेगावचे आनंदसागर ही आणखी निराळी गोष्ट. श्री गजानन महाराज संस्थानने उभारलेल्या या उद्यानात तळे, बेटावरचे ध्यानमंदिर, मुलांची आगगाडी आणि मोजक्या दरातली शिस्तबद्ध व्यवस्था होती. पुढे ते कित्येक वर्षे बंद राहिले. तेथे गेलेली माणसे आजही आठवण काढतात ती स्वच्छतेची आणि निवांत बसता येण्याची.

भोजन आणि सूर्यास्त

जैन कुटुंबासाठी अन्नाचा प्रश्न झुल्यांइतकाच महत्त्वाचा असतो. बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत. दशम्या, खाखरे आणि मेथीच्या पुऱ्यांचा डबा दारावरच अडतो. आत पिझ्झा, पावभाजी, नूडल्स आणि दाक्षिणात्य पदार्थ सर्वत्र मिळतात. ‘शाकाहारी’ पाटी दिसली म्हणजे कांदा, लसूण, बटाटा नाही, असा अर्थ होत नाही. नेहमीच्या सांबारात आणि मसालाडोशाच्या भाजीतही कांदा असतोच. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दूरध्वनीवरून जैन पदार्थ मिळतात का, कोणत्या उपाहारगृहात आणि किती वाजेपर्यंत, हे विचारून ठेवावे. लहान बाळाचा आहार आणि औषधे यांना सहसा मुभा असते. उकळलेल्या पाण्याचा नियम असलेल्या ज्येष्ठांविषयीही आधीच बोलून घ्यावे.

दुसरी अडचण वेळेची. उद्यानाची शोभा दिवे लागल्यावर वाढते, तर चौविहार पाळणाऱ्यांचे जेवण सूर्यास्तापूर्वी व्हावे लागते. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. साडेचार वाजता सर्वांनी एकत्र जेवायचे ठरवले, तर त्या वेळी उपाहारगृहात गर्दी कमी असते आणि नंतरचा वेळ रोषणाईसाठी मोकळा राहतो. ज्यांना हे साधत नाही, ते सहाला धावत सुटतात आणि आजी उपाशी राहते.

पाण्याचा प्रश्न

जलउद्यानाचा विचार मराठवाड्याच्या माणसाला पूर्ण निर्धास्तपणे करता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये, ज्या महिन्यात हैदराबादच्या उद्यानात लाटांचा तलाव खुला झाला, त्याच महिन्यात मिरजेहून पाणी भरलेली पहिली रेल्वे लातूरला पोहोचली होती. ही दोन दृश्ये शेजारी ठेवल्यावर मन चपापते. जलउद्यानातील पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा वापरतात, रोज नवे भरत नाहीत, हे खरे. तरी बाष्पीभवनाने आणि उडून बरेच जातेच. पाणी गाळून पिण्याचा आणि जपून वापरण्याचा संस्कार असलेल्या घराने मुलांना हे दोन्ही सांगावे आणि मग निर्णय घ्यावा. शिवाय बहुतेक जलउद्यानांत सुती कपड्यांनी पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो. घरातील स्त्रियांना तो रुचणार नसेल, तर त्यांच्या तिकिटाचे पैसे केवळ बाकावर बसण्यासाठी मोजले जातात.

निर्णय

दहा ते वीस वयाची मुले आणि धडधाकट आई-वडील, असा मेळ असेल तर वंडरलात तिकिटाचे मोल सर्वांत अधिक वसूल होते. मुले मधल्या वयाची असतील, प्रवासाला दिवस असतील आणि गोष्टीची गोडी असेल, तर इमॅजिका. तीन पिढ्या एकत्र निघत असतील, तर रामोजी फिल्म सिटी आणि जोडीला कुलपाकजी. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी इतका खर्च करण्याचे कारण नाही. फेब्रुवारीतला परभणीचा उरूस त्यांना पुरेसा आहे. कोठेही जायचे तर शनिवार-रविवार टाळावा. दुकानाला ज्या दिवशी कुलूप लावायचे तो दिवस व्यापाऱ्याच्या हातात असतो. नोकरदाराला न मिळणारी ही सवलत आहे. मंगळवार-बुधवारी दर बहुधा कमी असतात आणि रांगा आखूड असतात.

आणि तिकिटे काढण्याआधी घरातील प्रत्येकाला, सुनांना आणि आजीलाही, ‘तुम्ही तेथे काय कराल?’ हे विचारावे. ज्या ठिकाणाविषयी आठांपैकी सहा जणांना उत्तर देता येईल, तेथे जावे.